काचेमागे कोण बसतं

पागनीसकाकांचा मला पहिला फोन आला तेव्हा ते बरोबर माझ्या डोक्यावर होते. म्हणजे वरच्या मजल्यावर. खुर्ची सरकल्याचा आवाज छतातून आला आणि पाठोपाठ फोनमधून काका बोलले, "मी पागनीस बोलून राहिलो. तुमच्या गाडीच्या काचेत बुडबुडा तर नाही ना आला?"

फिल्म लावून महिना झाला होता. मी म्हटलं, "काका, गाडी जिन्यापाशी उभी आहे. खाली येऊन बघा की."

"ते तर मी रोजच बघतो. पण महिन्यानं गिऱ्हाइकाला विचारायचा कायदा आहे."

हा कायदा त्यांनीच केलेला आणि तेच एकटे पाळत. महिन्यानं एक फोन, सहा महिन्यांनी दुसरा, दिवाळीला तिसरा. बुडबुडा हे निमित्त. त्यावरून उन्हाळा, उन्हाळ्यावरून महाकालची गर्दी, गर्दीवरून गुडघे. लोक कंटाळत. एक डॉक्टर तर "नाही आला" एवढंच म्हणून फोन ठेवून देत. मग काका जरा वेळ फोन हातात धरून बसत आणि वहीतला पुढचा नंबर काढत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दिवसभरात बोलायला माणूस लागतं हे त्यांनी तोंडानं कधी कबूल केलं नाही.

धंदा त्यांचा काचांचा. घरांच्या आणि गाड्यांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावत. पूर्वज शिंद्यांच्या पागेत घोड्यांचं दफ्तर सांभाळायचे, त्यावरून आडनाव पडलेलं. "घोडे गेले, गाड्या आल्या. आम्ही जिथल्या तिथेच," असं ते हसून सांगत. आधी ते एका कापड गिरणीत कारकून होते. गिरणी बंद पडल्यावर पन्नाशीच्या आसपास इंदूरला जाऊन हे काम शिकून आले. मी यजमानांच्या रेल्वेच्या नोकरीपायी अकोल्याहून उज्जैनला, फ्रीगंजमध्ये आले, बँकेत लागले आणि तिथलीच झाले. तरी तिथल्या जुन्या मराठी घरांतली हिंदीत बुडवून काढलेली मराठी ऐकून मला कित्येक वर्षं हसू येई. आता माझी सून माझ्या मराठीला हसते.

काका अंगानं किडकिडीत. शाम्पूच्या पाण्यात हात घालून घालून बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. काचेवर ते पाणी मारायचं, फिल्म पसरायची, रबराच्या पट्टीनं मधून कडेकडे पाणी काढत जायचं. तेवढा वेळ घरातला पंखा बंद आणि घरातली माणसं गप्प. कोणी शिंकलं तरी काका त्याच्याकडे असं बघत की त्याला पुढची शिंक आवरावी लागे.

पण त्याआधी त्यांचा एक प्रश्न असे. गिऱ्हाईक विचारी, फुटाला काय भाव? काका म्हणत, "ते नंतर. या काचेमागे कोण बसतं ते सांगा." आणि भर दुपारी त्या खिडकीमागे खुर्ची ओढून स्वतः अर्धा तास घाम गाळत बसत. आजारी माणूस पडून असेल तर एक फिल्म, पोरं अभ्यास करत असतील तर दुसरी, आणि नुसताच सोफा ठेवलेला असेल तर, "पडदा लावून टाका ना. फालतूमधे खर्चा कशाला?" असं सांगणाऱ्या माणसाचा धंदा जसा चालायचा तसाच त्यांचा चालायचा.

मी गाडी घेतली तेव्हा मला काळीकुट्ट फिल्म हवी होती. बाईमाणूस एकटी गाडी चालवते हे गावाला दिसू नये, एवढाच हेतू. काकांनी नमुन्यांचा अल्बम आणला. साध्या रंगाची फिल्म स्वस्त, पण दोन उन्हाळ्यांत जांभळी पडते. आरशाची फिल्म दिवसा बाहेरच्याला त्याचंच तोंड दाखवते, ऊनही परतवते. आणि पाण्यासारखी स्वच्छ सिरॅमिक, जी लावलेली दिसतच नाही पण गरमी अडवते. ती सगळ्यांत महाग. ते म्हणाले, "कायद्यानं पुढच्या-मागच्या काचेतून शंभरातला सत्तर हिस्सा उजेड आत यायला पाहिजे, बाजूच्यांतून पन्नास. पण कायद्याचं सोडा. संध्याकाळी देवास गेटच्या गर्दीत गाडी मागे घ्यायची आहे की नाही तुम्हाला?" त्यांनी जिन्याखालच्या अंधारात काळा तुकडा माझ्या डोळ्यांपुढे धरला आणि हातातली वस्तू ओळखायला सांगितली. मला ओळखता आली नाही. ती माझीच चष्म्याची डबी होती. मी मुकाट्यानं स्वच्छ फिल्म लावून घेतली.

एकदा एक होतकरू पुढारी मोठी जीप घेऊन आला. त्याला चारी बाजूंनी अंधार पाहिजे होता. काका त्याला शांतपणे म्हणाले, "भैया, काली काच वाली गाडी को तो सब झाँक के देखते हैं. सादी काच वाली को कौन पूछता है?" पुढारी विचारात पडला. लोकांनी आपल्याला बघू नये की बघावं, हे त्याचं त्यालाच नीट ठरवता येईना. तो नंतर येतो म्हणून गेला तो गेलाच.

आणि भेरूगढचा तो छापेवाला, कापडावर ठसे उठवणारा. त्याच्या दुकानाच्या दर्शनी काचेतल्या चादरी एका बाजूनं विटायच्या. काकांनी स्वच्छ फिल्म सांगितली. तो म्हणे, "दिखता तो कुछ है नहीं, लगाई कि नहीं, मैं कैसे मानूँ?" काकांनी वाद घातला नाही. अर्ध्या काचेलाच फिल्म लावली, एकाच ठशाचे दोन रुमाल दोन्ही अर्ध्यांमागे टांगले आणि निघून आले. पावसाळ्याआधी छापेवाला स्वतः रुमाल घेऊन फ्रीगंजला आला. एक लाल होता, दुसरा विटकरी झाला होता. काकांनी ते दोन्ही रुमाल अल्बमच्या शेवटच्या पानात लावले. एवढा आनंद झालेला मी त्यांना क्वचितच पाहिला.

हे सगळं मी लांबण लावत सांगते आहे, कारण समोरच्या खिडकीवर यायला मला जड जातं.

आमच्या रस्त्यापलीकडे, बरोबर काकांच्या खिडकीसमोर, पहिल्याच मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ राहत. प्रभाकरदादा. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. दोघा भावांमध्ये वीस-पंचवीस फुटांचा रस्ता होता आणि बारा वर्षांचा अबोला होता.

कारण ऐकलं तर वाटेल एवढंच होय. दादांच्या मुलाच्या, निखिलच्या लग्नात व्याह्यांनी काकांकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय करतात?" दादा म्हणाले, "काही नाही, घरीच असतात." पागनीसांच्या घरातला माणूस गाड्यांच्या काचा पुसतो हे त्यांना व्याह्यांपुढे सांगवेना. काका तेव्हा पंगतीत बसले होते. नवरदेवाच्या गाडीच्या काचा त्यांनी सकाळीच स्वतः केल्या होत्या, अहेर म्हणून. ते वाढलेल्या पानावरून उठले आणि चालू लागले. भरल्या पंगतीतून उठणं दादांच्या लेखी अक्षम्य होतं. दादांनी वाट पाहिली की हा येऊन माफी मागेल. काकांनी वाट पाहिली की दादा एकदा म्हणतील, सुधाकर, तुझं काम चांगलं आहे. दोघेही चांगले घट्ट होते.

काकांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. हे मी अंदाजानं म्हणत नाही, त्यांनी मला सांगितलं होतं. "बस, एक वाक्य, ताई. आयुष्यभर पुरून जाईल मला."

तोवर ते खिडकीवर भागवत. सकाळी ते आपल्या खिडकीत चहा घेऊन बसत, समोर दादा पेपर उघडून. पेपर कधी खाली होत नसे. काकांना दिसे ते पेपरच्या वरचं कपाळ आणि खालचे गुडघे. तेवढ्यावर ते मला जिन्यात बातमीपत्र देत. आज दादा उशिरा उठले. आज मफलर आहे, सर्दी झाली वाटतं. आज पान उलटायला फार वेळ लावून राहिले, डोळे दाखवायला पाहिजेत. बारा वर्षं हा माणूस भावाच्या कपाळावर जगला.

डोळ्यांचं त्यांचं खरं निघालं. दादांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पश्चिमेच्या त्या खिडकीतली दुपारची चकाकी त्यांना सोसेना. तरी खुर्ची तिथून हलवायला ते तयार नव्हते. निखिलची बायको मेघना माझ्याकडे आली. "ताई, फिल्मच लावायची तर काकांसारखं काम कोणाचं आहे? पण बोलवायचं कसं? तुम्ही मधे पडा ना."

मी वर जाऊन सांगितलं. काकांनी हातातला अल्बम मिटला. मग म्हणाले, "दादांना विचारलंय का?" मेघनानं विचारलं होतं. दादा 'हो' म्हणाले नव्हते आणि 'नाही'ही म्हणाले नव्हते. "मग तुम्ही पण चला बरोबर," काका म्हणाले.

दुपारी दोनला आम्ही गेलो. दादा दिवाणावर पेपर घेऊन बसले होते. काका त्यांच्या पाया पडायला वाकले, पेपर जरा हलला, बाकी काही नाही. मग काका कायद्याप्रमाणे खिडकीपाशी जाऊन दादांच्या खुर्चीत बसले. समोर त्यांची स्वतःचीच खोली उघडी होती. टेबल, कपबशी, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल. ते अर्धा तास तिकडे बघत होते. उठताना त्यांनी मेघनाकडे न बघता, दिवाणाच्या दिशेनं विचारलं, "इथे कोण बसतं?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. काका थांबले.  पेपरचं पान उलटलं.

"बाबा बसतात," शेवटी मेघना म्हणाली.

काकांनी अल्बम उघडला आणि तिला तिन्ही प्रकार समजावून सांगितले. साध्या रंगाच्या फिल्मनं खोली काळोखी होईल, पेपर वाचायला दिवसा दिवा लागेल. स्वच्छ फिल्म गरमी अडवेल, पण चकाकी बरीच येत राहील. आरशाच्या फिल्मनं गरमी आणि चकाकी दोन्ही जातील. "आतून बाहेरचं साफ दिसेल. बाहेरून आतलं नाही दिसणार."

"मग तर छानच की," मेघना म्हणाली. "बाबांच्या डोळ्यांना कुठली चांगली?"

मी काकांकडे पाहत होते. स्वच्छ फिल्म म्हणाले असते तर कोणी हरकत घेतली नसती. ते खाली फरशीकडे बघत म्हणाले, "आरशाची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती लावली. इतकं नेटकं काम मी कधी पाहिलं नव्हतं. एक कोपरा त्यांनी तीनदा उचलून पुन्हा बसवला. निघताना दारात थांबून मेघनाला म्हणाले, "एक लक्षात ठेव. संध्याकाळी घरात दिवे लागले की उलटं होतं, बाहेरून आतलं सगळं दिसतं. तेव्हा पडदा ओढून घेत जा." हेही ते बोलले नसते तर त्यांना निदान संध्याकाळी दादा दिसले असते.

मी जिन्यात त्यांना धरलं. "काका, कशाला सांगितलंत एवढं?"

"घरात सून आहे, ताई. न सांगून कसं चालेल? आणि स्वच्छ फिल्म लावली असती तर दादांच्या डोळ्यांतून रोज पाणी आलं असतं. मग मी त्यांना बघून काय सुख मिळणार होतं?"

त्यानंतर समोरच्या खिडकीत आकाश दिसू लागलं, विजेच्या तारा दिसू लागल्या आणि मधोमध काकांची स्वतःची खिडकी, तीत चहा घेऊन बसलेले काका. चार-पाच दिवस त्यांनी तसे काढले. एका सकाळी जिन्यात मी नेहमीप्रमाणे विचारलं, "आज दादा काय म्हणतात?" ते म्हणाले, "मला काय माहीत? मी मलाच बघून राहिलो." शिवाय दुपारी त्या आरशावरून परतलेलं ऊन थेट त्यांच्या खोलीत येई. मी म्हटलं, तुमच्या खिडकीलाही एक लावा की. जगाच्या काचा केल्या, स्वतःच्या घराला एक इंच फिल्म नाही.

"माझ्या खिडकीत कोण बसतं, ताई?" असं म्हणून त्यांनी जाड पडदा आणला आणि ओढून घेतला. खुर्ची आत, पलंगाजवळ नेली.

महिना झाला. कायद्याप्रमाणे फोन करायचा होता. दोन दिवस त्यांनी टाळलं आणि तिसऱ्या दिवशी मला वर बोलावून माझ्यासमोर मेघनाचा नंबर लावला. पलीकडून जड आवाजात "हॅलो" आलं. दादांनी उचलला होता.

"मी पागनीस बोलतो आहे," काका म्हणाले. एरवी हिंदीत बुडणारी त्यांची मराठी त्या दिवशी अगदी शुद्ध निघाली.

 मला खोकल्याचा आवाज ऐकू आला. मग लांबून, "मेघना, तुझा फोन." बुडबुडा आलेला नव्हता. फोन ठेवल्यावर काका मला विचारत होते, "हे बोलणं म्हणायचं का? 'हॅलो' तर मलाच म्हणाले ना?" मी म्हटलं, म्हणायला हरकत नाही. 

होळीच्या सुमारास दादा गेले. दोन दिवस इस्पितळात होते, तिसऱ्या दिवशी घरी आणले ते तसेच. काकांनी खांदा दिला, चक्रतीर्थाच्या स्मशानात सगळं होईपर्यंत उन्हात उभे राहिले, तेराव्याला पंगतीत वाढलं आणि शेवटी एकटे बसून पानातलं सगळं खाल्लं. ते वाक्य आता कोणी म्हणणार नव्हतं.  काकांनी गिऱ्हाइकांना फोन करणं सोडून दिलं.

उन्हाळ्यात निखिलची भोपाळला बदली झाली. घराची किल्ली ठेवायला मेघना माझ्याकडे आली. चहा घेता घेता म्हणाली, "ताई, एक विचारू? काका खिडकीत बसायचे का बंद झाले?"

मी विचारलं, "का गं?"

"बाबा सारखं विचारायचे. ती फिल्म लागली ना, त्यानंतर त्यांनी पेपर बाजूला ठेवून दिला. खुर्ची पार काचेला टेकवली आणि दिवसभर समोर बघत बसायचे. मला म्हणाले, आता बघितलं तरी त्याला कळणार नाही. पण समोर पडदाच. मग रोज दुपारी विचारायचे, सुधाकर दिसत नाही, बरा आहे ना? मी म्हणायचे, बाबा, फोन करा. तर म्हणायचे, दिसेल, दिसेल."

मेघना गेली आणि मी ते ओझं घेऊन आठ दिवस फिरले. सांगावं तर माणूस मोडेल, न सांगावं तर भावाचं बोलणं मी दाबून ठेवल्यासारखं होईल. माझा जन्म बँकेत गेला. दुसऱ्याची ठेव आपल्याकडे ठेवून घ्यायची सवय मला नाही. नवव्या दिवशी वर जाऊन सगळं सांगितलं.

काका फिल्मच्या गुंडाळ्या पुसत होते. हातातलं फडकं थांबलं. "शब्द सांगा," ते म्हणाले. "जसेच्या तसे सांगा."

"'सुधाकर दिसत नाही. बरा आहे ना?'"

"सुधाकर म्हणाले? नाव घेतलं?"

"नाव घेतलं."

"किती दिवस विचारलं असं?"

"रोज. शेवटपर्यंत."

ते पलंगावर बसले. मी पाणी आणलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. म्हणाले, "मला वाटलं, तिकडे कोणी बघत नाही. आणि मी पडदा ओढून आत पडून होतो." मग त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मी तिथेच बसून राहिले. मला स्वतःचाच राग येत होता. आठ दिवस थांबल्याचा येत होता आणि सांगितल्याचाही.

पुढे मुलानं मला पुण्याला नेलं. उज्जैन सोडण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी कुरिअरच्या दुकानातून परत येत होते. मे महिना, रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. दादांचं घर बंद होऊन वर्ष होत आलं होतं. सहज वर बघितलं.

काकांच्या खिडकीला पडदा नव्हता. नुसता बाजूला सारलेला नव्हता, दांडीसकट काढून टाकला होता. खुर्ची अगदी गजांना लावलेली. काका आंघोळ करून, केस विंचरून, इस्त्रीचा सदरा घालून, फोटो काढायला बसावं तसे ताठ बसले होते. समोरच्या काचेवरून परतलेलं सगळं ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते उन्हानं की कशानं, खालून कळत नव्हतं. ते डोळे मिटत नव्हते आणि मान फिरवत नव्हते. मी खालून हाक मारणार होते, निरोप घ्यायचा राहिला होता. मग वाटलं, नको. ते दादांना दिसत होते.